समोर भाजलेला पाव

रघुनाथ गायकर खाण्याचा सोडा न्यायला दुकानात आला की माझं डोकं फिरायचं. म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना खाडीचं पाणी पहिल्यांदा दिसतं त्या वळणावर माझं किराण्याचं दुकान आहे, बापाच्या काळापासूनचं. माझ्या मालाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. हा माणूस मात्र आला की खिशातून लिंबू काढायचा, तेही स्वतःच्या झाडाचं. पुडी फोडून चिमूटभर सोडा माझ्याच काउंटरवर टाकायचा, त्यावर लिंबू पिळायचा आणि वाकून बघत राहायचा. मनासारखं फसफसलं तर मान हलवायचा. नाहीतर पुडी माझ्याकडे सरकवून म्हणायचा, "माल थकलाय तुझा, विजू. दुसरा काढ." बाकीची गिऱ्हाइकं मागे उभी राहून हे सगळं ऐकत असायची. काउंटर चिकट व्हायचा तो वेगळाच.

एकदा मी चिडून म्हटलं, "दादा, कंपनीचा माल आहे. मी काय घरी सोडा बनवतो?"

"नाही बनवत ते बरंय," तो म्हणाला. "पण कंपनीतून निघाल्यापासून तुझ्या फळीवर येईपर्यंत त्याला कोण कोण भेटलं, ते सांगशील मला?"

मी काय सांगणार, कपाळ? सोड्याच्या पुडीला वाटेत कोण भेटलं याची चौकशी करणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या दुकानासमोर राहायला पाठवला.

रघुदादा आता नाही. उंच, वाळका, पँट पोटाच्या वर ओढून पट्टा घट्ट बांधणारा. चष्मा नाकावर असला तरी बघायचा तो चष्म्याच्या वरून, जणू काचेवरही त्याचा भरवसा नसावा. सगळी नोकरी त्याने न्हावा शेव्याला काढली. कंटेनर आला की त्याचं सील शाबूत आहे का, पत्रा कुठे कापून परत जोडलाय का, आतला माल सांगितलाय तोच आहे का, हे तपासायचं काम. सर्व्हेयर म्हणायचे त्याला. कंटेनरच्या आत शिरून भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत जायचा. एका ठिकाणी आवाज पोकळ आला तर मागे चोरकप्पा आहे असं समजायचं. एकदा फरशीच्या कंटेनरमध्ये त्याने असा कप्पा ठोकून शोधला होता, आणि आत काय होतं ते त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कुणाला सांगाल, याची मला काय गॅरंटी?" म्हणायचा. ठोकायची सवय मात्र जन्माला चिकटली. माझ्या दुकानात कलिंगड ठोकायचा ते समजू शकतो. हा तेलाचा डबा ठोकायचा, दाराची फळी ठोकायचा, बोलता बोलता टेबल ठोकायचा.

रिटायर होऊन गावी आला तेव्हा बरोबर एक पिशवी भरून प्लॅस्टिकची सीलं घेऊन आला. एकदा ओढून बसवलं की कापल्याशिवाय न निघणारी, वर नंबर छापलेली. ती त्याने घरभर लावली. पिठाच्या डब्याला सील, मिठाच्या बरणीला सील. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला सील. लावताना नंबर तोंडपाठ करायचा आणि उघडताना आधी म्हणून बघायचा. गावाने त्याला 'सीलवाला' म्हणायला सुरुवात केली. तो चिडला नाही. "सील बघून निदान चोराला कळतं की इथे कुणीतरी बघतंय," एवढंच म्हणाला.

हा माणूस दुसऱ्याच्या हातचं काही खात नसे. पाणीसुद्धा पीत नसे. लग्नाला यायचा, पंगतीत बसायचा, पत्रावळ पुढे घ्यायचा आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा पाव काढून खायचा. यजमानाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. सत्यनारायणाला बोलावलं तर सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. शिरा रव्यापासून वाटीत येईपर्यंत नजरेआड झाला नाही तरच प्रसाद घ्यायचा. माझी बायको म्हणायची, याला बोलवू नका, माझा हात थरथरतो. मी तरी बोलवायचो. शेजारी होता आणि एकटा होता.

आता त्या पावाचं सांगतो. तो बेकरीतला पाव नव्हे. त्याला यीस्ट लागत नाही, ठेवून फुगवावा लागत नाही. आयर्लंड नावाच्या देशात घरोघरी करतात म्हणे, सोडा ब्रेड. जाडसर गव्हाचं पीठ, मीठ, सोडा आणि ताक, एवढंच. रघुदादाला हा पाव एका आयरिश माणसाने शिकवला. बंदरात एक जहाज मालाच्या भांडणावरून अडकून पडलं होतं, त्यावरचा तो म्हातारा इंजिनियर. जहाजाच्या स्वयंपाक्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो स्वतःचा पाव स्वतः भाजायचा. तपासणीसाठी रोज चढणाऱ्या रघुदादाचाही कँटीनवर विश्वास नव्हता. तो उकडलेल्या अंड्यांवर आणि केळ्यांवर दिवस काढत होता. दोघांचं जमलं. "त्याने माझ्यासमोर पीठ घेतलं, माझ्यासमोर कालवलं, माझ्यासमोर भाजलं," रघुदादा सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा मऊ व्हायचा. खरं सांगायचं तर असा कुणी इंजिनियर होता की नाही, याची मला बरीच वर्षं शंका होती. रघुदादाच्या शेजारी राहून माणसाला शंकेची लागण होते.

"इतके पाव आहेत जगात," मी एकदा विचारलं, "हाच का?"

"कारण हा थांबत नाही," तो म्हणाला. "बेकरीवाला पीठ मळतो आणि रात्रभर ठेवून देतो फुगायला. रात्रभर ते पीठ एकटं असतं, विजू. कोण येतं, कोण जातं, काय टाकतं, कुणी बघितलंय? यात ताक पडलं की सोडा लगेच कामाला लागतो. थांबलास तर त्याचा जोर जातो. कालवला की सरळ ओव्हनमध्ये. मधे वेळच नाही कुणाला काही करायला."

पीठ तो चक्कीवर उभा राहून दळून घ्यायचा. आधीच्या माणसाचं पीठ आत उरलेलं असतं म्हणून पहिली मूठ बाहेर टाकायला लावायचा. चक्कीवाला कोपरापासून हात जोडायचा. ताकाला दूध लागणार, पण कुणाच्या गोठ्यातलं दूध त्याला चालत नसे. बंद पिशवीतलं दूध आणून त्यात लिंबू पिळायचा आणि फाटलं की ते ताकाऐवजी वापरायचा. पीठ हलक्या हाताने नुसतं एकत्र करायचा, गोल आकार द्यायचा आणि वर सुरीने आडवी-उभी खोल चीर पाडायचा. भाजून झाला की उलटा करून बुडावर ठोकायचा. इथे आवाज पोकळ आला की पाव झाला. "आयुष्यात एकाच ठिकाणी पोकळ आवाज ऐकून बरं वाटतं," म्हणायचा.

त्या चिरेवरून एकदा गावात कुजबुज झाली. शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा ओट्यावर ताजा पाव निवत ठेवलेला, वर स्पष्ट क्रूस. इकडच्या किनाऱ्यावर पाव आणि क्रूस एकत्र दिसले की म्हाताऱ्या माणसांना अजून विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आठवतात. दोन दिवसांत चर्चा अशी की सीलवाला बाटला, आणि सीलं म्हणूनच लावतो. शेवटी गुरव स्वतः विचारायला आला. मी होतो तिथे.

"रघू, वर ही फुली कशाला रं?"

"आतपर्यंत आच जायला. नाहीतर मधे कच्चा राहतो."

गुरवाला ते पटल्याचं दिसलं नाही. मग रघुदादा म्हणाला, "ज्याने शिकवलं त्याच्या गावात म्हणतात, आत काही भूतबीत असलं तर त्याला बाहेर पडायला वाट."

"असं व्हय," गुरव म्हणाला. "मंग ठीक हाय." आणि चर्चा तिथेच मिटली. आच कुणाला कळली नव्हती, भूत सगळ्यांना कळलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण त्या घराची दुसरी बाजू होती, आणि तिथे कुणाला हसू येत नसे.

घर दोन भावांचं. पुढच्या अर्ध्यात रघुदादा, मागच्या अर्ध्यात धाकटा पांडुरंग आणि त्याची बायको कुसुमवहिनी. मधे एक दार. रघुदादा नोकरीला असताना उरणला खोली घेऊन राहायचा आणि त्याची बायको सुमन इथे गावी असायची. मूलबाळ नव्हतं. दोन्ही जावा मधलं दार उघडं टाकून एका घरासारख्या राहायच्या. एका वर्षी गौरी पांडूच्या बाजूला बसल्या. सुमनवहिनी तिथे घावन-घाटलं जेवली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. ओकाऱ्या, मग डोळे पिवळे. दिवाळी यायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीपासूनच खराब होतं, तिने अंगावर काढलं. रघुदादा धावत आला तोवर तिची शुद्ध गेली होती.

तेराव्यानंतर त्याने मधल्या दाराला सील लावलं. तोंडाने एक शब्द बोलला नाही, पण आमच्याकडे 'कुणीतरी खायला घातलं' हे बोलावं लागत नाही. दार बंद झालं की गाव उरलेलं वाक्य स्वतः पुरं करतं. कुसुमवहिनी पाण्याला गेली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. तिच्या हळदीकुंकवाचं बोलावणं पोचायचं, बाया पोचायच्या नाहीत. तिची मुलगी पनवेलला दिली, त्या वेळीही सोयरिकीआधी कुणीतरी जाऊन सांगितलंच होतं. पांडू दोन वेळा भावाच्या दारात येऊन बसला. रघुदादाने त्याला खुर्ची दिली, बोलला, पण त्याच्या घरचा चहा घेतला नाही. पुढे पांडूही गेला. रघुदादाने खांदा दिला आणि परत येऊन स्वतःच्या नळावर अंघोळ केली. मला त्या दिवशी त्याचा राग आला, आणि अजून येतो.

माझं मत विचाराल तर, त्याला खुपत होतं ते तो तिथे नव्हता हे. जगातल्या प्रत्येक पेटीसमोर उभा राहणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या ताटासमोर नव्हता. ते स्वतःला सांगण्यापेक्षा भावजयीवर संशय घेणं सोपं गेलं असेल. पण हे माझं मत. त्याने हे कधी कबूल केलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी वैशाखात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण चालत होती, आणि संशयाला तर काहीच झालं नव्हतं. माणगावच्या दवाखान्यात तो फक्त शहाळं प्यायचा, कारण त्याला सील देवाने लावलेलं. खायचं तर डोळ्यांसमोर सोललेलं केळं किंवा अंडं. नर्सने भरवायला घास पुढे केला की तोंड फिरवायचा. घरी आणला तेव्हा त्याच्या गालांच्या वाट्या झाल्या होत्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नुसत्या केळ्यांवर हा माणूस दिवाळी बघणार नाही, त्याला काहीतरी अन्न पोटात घालायला सांगा.

मी म्हटलं, "दादा, मी करून देतो तुझा पाव. तू सांग, मी करतो."

त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "तुला काय एवढं पडलंय रे माझ्या खाण्याचं?"

इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला हे ऐकावं लागतं. तरी मी केला. ताक जास्त झालं, गोळा हाताला चिकटला, भाजल्यावर वरून करपला. त्याने डाव्या हाताने ठोकून बघितला आणि ढकलून दिला. "आत ओला आहे," म्हणाला. होताच ओला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमवहिनी आली. मधलं दार बंदच, म्हणून गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने. बुटकी, काटक बाई. भाताची लावणी अजून स्वतः करते आणि बोलते ती बांधावरून बोलावं तशी. इतक्या वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "भावोजी, पीठ कुठं हाय?"

रघुदादाची नजर पिठाच्या डब्याच्या सीलकडे गेली.

"तुमी उपाशी मेलात तर लोक म्हनतील हिनंच काय केलं. माझ्या नावानं मराल तुमी. एकदा आयकलंय ते, परत न्हाय आयकायचं मला." मग माझ्याकडे वळली. "विजूशेट, तुमी हितंच बसा. मी हात लावीन ते समदं बगा. उद्या काय झालं तर तुमी साक्षीला."

मला वाटलं, तो तिला बाहेर काढेल. बराच वेळ त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. भूक लागलेल्या माणसाचं बघणं होतं ते, आणि त्यात संशयही तेवढाच होता. शेवटी म्हणाला, "हात धू."

"धुतले."

"माझ्यासमोर धू."

ती मोरीवर गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊन आली. सील मी कापलं, नंबर त्याने म्हणून बघितला. ती पीठ घेऊन बसली, त्याची चाकाची खुर्ची मी परातीसमोर आणली. त्याने सांगितलं तसं मीठ, सोडा टाकला, लिंबू पिळलेलं दूध ओतलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. जन्मभर तांदळाची भाकरी केलेली बाई. उकड तळहाताने रगडून रगडून मऊ करायची तिच्या हाताला सवय. पीठ एकत्र येताच तिचा हात आपोआप रगडायला लागला.

"मळू नको," रघुदादा ओरडला, जड जिभेने जमेल तेवढा.

"मंग काय नुसती बगू तेच्याकडं?"

"मळलंस की दगड होतो. एकत्र कर आणि सोड. लवकर."

"न मळता पीठ कोन खातं? गुरं?"

पाव दगडच झाला. तिने तो मोडला, आणि कुणी सांगायच्या आत पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात घालून कडाकडा चावून गिळला. मग दुसरा तुकडा त्याच्या डाव्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिला काही होतंय का ते बघत असावा. बायकोने घरून पाठवलेल्या माझ्या चहावर साय आली. मग त्याने तो तुकडा तोंडाला लावला आणि चावता येईना म्हणून चघळत राहिला. मी खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्या दोघांना दाखवायची माझी इच्छा नव्हती.

त्यानंतर एक दिवसाआड हा कार्यक्रम सुरू झाला. ती यायची, हात धुवायची, मी साक्षीला बसायचो. दुकान बायको बघायची. प्रेमाने काही चाललंय असं कुणी समजू नये. तो तिच्या बोटांकडे बघायचा, पदराकडे बघायचा. बांगड्या आधी काढून ठेवायला लावायचा. ती काढायची आणि "मोजून घ्या" म्हणून त्याच्या मांडीवर ठेवायची. मी शिंकलो तर दोघंही माझ्याकडे बघायची. पाव हळूहळू सुधारला. तिचा हात मळायचा थांबला. तिने स्वतःला सवय लावली, पीठ एकत्र आलं की दोन्ही हात वर उचलायचे, पोलिसाने पकडल्यासारखे. रघुदादाच्या गालांवर थोडं मांस आलं. पण तिने दिलेलं पाणी तो अजून पीत नव्हता. ते मीच द्यायचो.

गौरी जेवल्या त्या दिवशी ती उशिरा आली. नैवेद्य उरकून, नवी साडी नेसून. मला वाटलं, आज येणार नाही. त्यालाही वाटलं असणार, कारण तो सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता. तिने पीठ घेतलं. ताक ओतायच्या आधी थांबली आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली, त्याच्याकडे नाही.

"विजूशेट, त्या वर्साला पन अशीच घावनं झालीवती. सुमनताईला बरं वाटत नव्हतं आदीपासनं. म्हनाली, कुसुम, मला न्हाय जात, पन गवरीचं हाय, टाकू नाय. मंग आमी दोघी एका ताटात जेवलो. अर्दं माझ्या तोंडात, अर्दं तिच्या. मला काय झालं? कोनी मला इचारलं पन न्हाय, कुनी कुनासंगं काय खाल्लं."

रघुदादाने डाव्या हाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला कुणी सांगितलं नाही हे," रघुदादा म्हणाला.

"इचारलंत कुनाला? दाराला सील लावल्यावर कोनी येऊन सांगतं व्हय?" तिने ताक ओतलं आणि पीठ एकत्र केलं.

त्या दिवशी त्याने पाव खाल्ला नाही. भूक नाही म्हणाला. ती पाव फडक्यात गुंडाळून ठेवून गेली. मला रात्री धाकधूक होती की आता हा पुन्हा अन्न टाकतो.

मधला एक दिवस गेला आणि ती नेहमीसारखी आली. मी गेलो तर रघुदादाने खुर्ची वळवून घेतली होती. एका हाताने चाक फिरवत कशी वळवली कुणास ठाऊक. तोंड भिंतीकडे, पाठ परातीकडे. मी खुर्चीला हात लावला तर म्हणाला, "राहू दे."

ती हात धुऊन आली. डब्याचं सील मी कापलं. त्याने नंबर विचारला नाही. तिने पीठ, मीठ, सोडा घेतला, ताक ओतलं आणि मगच तिच्या लक्षात आलं.

"भावोजी, इकडं तोंड करा."

"कर तू."

"मी न्हाय करनार. तुमी बगितल्याबिगर मी हे आत घालनार न्हाय. उद्या तुमाला कायतरी झालं नि तुमी म्हनाल, मी पाठमोरा असताना केलं."

"नाही म्हणणार."

"मला काय भरवसा?"

परातीत पीठ फसफसत होतं. एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता आणि त्या पावाचा जोर आमच्या डोळ्यांसमोर निघून जात होता. ताक पडलं की क्षणभर थांबू न देणारा माणूस भिंतीकडे बघत होता. ती हात वर धरून उभी होती. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात त्यानेच तोंड उघडलं. शब्द जड होते, पण एकेक कळत होता.

"कुसुम, सुमनला तू काही घातलं नव्हतंस."

ती हलली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा इतक्या वर्षांचं सगळं त्याच्या अंगावर ओतेल. ती हळू आवाजात बोलली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मला म्हाईत हाय मी घातलं न्हाय ते. मला कशाला सांगता? हे आमच्या ह्यांना सांगायचं व्हतं. शेवटच्या दिवशी त्या बंद दाराकडं तोंड करून निजलेवते. म्हनत व्हते, दादा येईल, येऊन पानी मागंल, मंग मी सुटंन."

रघुदादाचा डावा खांदा हलायला लागला. आवाज नव्हता. ती वळली, परातीतला गोळा उचलून ओव्हनमध्ये ठेवला आणि झाकण लावलं. तो पाव फुगणार नाही हे तिघांनाही माहीत होतं.

मी उठलो. साक्षीदाराला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पुढे हिवाळ्यात रघुदादा गेला, त्याआधी मी त्याला अनेकदा बघितलं, पण आठवतो तो त्या दिवशी दारातून मागे वळून बघितल्यावर दिसलेला. भिंतीकडे तोंड करून बसलेला तो, आणि मागे येऊन उभी राहिलेली ती. तिचा पिठाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. त्याच्या खांद्यावर तिने तो ठेवला नव्हता.